डाव्या अंगठ्याचं हेलिकॉप्टर

खेळणी करणाऱ्यांनी एकदा आमच्या शहापुरात येऊन राहावं आणि मग खोक्यावर 'घरात उडवा' असं छापावं. आमच्या पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मधल्या खोलीत आईची कॉट, तिच्यामागं स्वयंपाकघर, आणि उरलेल्या जागेत सुताची पोती. यात उडवायचं काय, डोंबल? तरीपण ते रिमोटचं हेलिकॉप्टर मीच खडेबाजारातून आणलं, आणि आणलं ते रागाच्या भरात.

राग आईवर होता. तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय परत आला, काठी टेकत का होईना ती घरातल्या घरात चालायला लागली. दंड आला, मनगट आलं, बोटं थोडीफार वळायला लागली. अंगठा तेवढा आला नाही. लोक म्हणायचे, एवढं सगळं आलं, अंगठ्याचं काय घेऊन बसलाय? त्या लोकांना धरून साडी नेसायला लावायला पाहिजे. उजव्या हातानं एकेक निरी घालायची आणि डाव्या अंगठ्याखाली दाबून धरायची, असं आई जन्मभर नेसत आली. अंगठा नाही म्हणजे निरी नाही, आणि निरी नाही म्हणजे साडी नाही. जिनं आयुष्यभर साड्यांसाठी सुताच्या कांड्या भरल्या, मागावरून उतरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या, ती बाई गाऊनवर बसून होती.

गाऊनवर ती उंबऱ्यापर्यंतसुद्धा यायची नाही. शेजारच्या बायका भेटायला आल्या की अंगावर चादर ओढून भिंतीकडं तोंड करायची. बोरगावला तिच्या बहिणीच्या घरी लग्न निघालं, आमंत्रण द्यायला माणसं घरी आली, तर त्यांना हिनं झोपेचं सोंग करून परत पाठवलं. माझी बायको म्हणाली, "आत्ती, मी नेसवते की." तिनं चांगल्या मनानंच विचारलं होतं. आई म्हणाली, "मी मढं हाय व्हय, दुसऱ्यानं नेसवायला?"

 बायको आत निघून गेली, आणि माझं डोकं फिरलं. कारण अंगठा मेलेला नव्हता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओ बाईंनी तपासून सांगितलं होतं की शीर जिवंत आहे, फक्त आजींनी मनावर घेऊन ढकलायला पाहिजे, आणि फार दिवस गेले तर मग तो तसाच राहील. त्यांनी पिवळा रबरी चेंडू दिला, तो आईनं मागाखाली घरंगळत सोडून दिला. कणकेचा गोळा दिला, तर म्हणाली, पोळ्या करायला सून हाय. ऐकायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला काय सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच तिरमिरीत बाजारात गेलो असताना दुकानाबाहेर एक माणूस ते हेलिकॉप्टर उडवून दाखवत होता. रिमोटला दोन दांड्या. डावी दांडी डाव्या अंगठ्यानं वर ढकलली की हेलिकॉप्टर वर जायचं, उजवीनं वळायचं. मी त्याचा डावा अंगठाच बघत उभा राहिलो. घरी आणल्यावर आईनं विचारलं, "मला काय ल्हान पोर समजलास?" पण चादर बाजूला सारून उठून बसली.

आता त्याची जोडणी. आतल्या कागदावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि इंग्रजी असं की लिहिणाऱ्याला तरी कळलं होतं का देव जाणे. रिमोटात सेल घालायचे. रिमोटच्या पोटातून एक बारीक वायर निघते, ती हेलिकॉप्टरच्या बुडात खुपसून चार्ज करायचं. एवढं सगळं करून पहिल्यांदा उडवलं तर ते जागच्या जागी गरगर फिरायला लागलं, अंगात आल्यासारखं. रिमोटवर मध्ये एक बारकं चाक असतं. फिरतंय त्याच्या उलट्या बाजूला ते थोडं थोडं सरकवायचं, शेपूट स्थिर होईपर्यंत. हे कागदावर शेवटच्या ओळीत. अरे, पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं तुम्हाला?

उंच छप्पर फक्त मागाच्या खोलीत, आणि तिथं पंखा फिरत असला की हेलिकॉप्टर कोपऱ्यात ढकललं जायचं. म्हणून लाईट गेली की माग बंद, पंखा बंद, आणि आमचा विमानतळ सुरू. आपल्याकडं लाईट जायची कधी ददात नाही. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत, रिमोट मांडीवर, रस्त्याकडचं दार लावलेलं, कारण गाऊन. मी फरशीवर हेलिकॉप्टर ठेवायचो, शेपूट आईकडं, म्हणजे तिचं उजवं ते त्याचं उजवं. हवेतले सुताचे तंतू पात्यांखालच्या दांड्याला गुंडाळायचे, ते सुईनं काढत बसायचो. आणि एवढं करून ही बाई काय करायची? लबाडी. मी खाली वाकलो की उजवा हात पलीकडं नेऊन डावी दांडी ढकलायची. ती दांडी ठेवली तिथं थांबते; मग हेलिकॉप्टर वर गेलं की तोच हात परत उजव्या दांडीवर. डावा अंगठा डाव्या दांडीखाली नुसता टेकवून ठेवलेला, दाखवायला.

मी ओरडलो की म्हणायची, उडलं न्हवं, मग झालं. मी म्हणायचो, तुझ्या हौसेसाठी आणलंय का हे? ती म्हणायची, मग कशाला आणलास? असं रोज चालायचं. मला तर वाटायला लागलं होतं की हिला बरं व्हायचंच नाही, गाऊनवर बसून सगळ्यांना जाळायचं आहे. असं आईबद्दल वाटतं याचाही राग यायचा.

त्या दुपारी लाईट गेली तेव्हा एका मागावर नवीन ताणा चढवला होता. उभे रेशमी धागे, शेकड्यानं, ताणून बसवलेले. त्यात काही अडकलं तर पुन्हा धागा धागा जोडत बसायचं. मी आईला म्हटलं, आज नको. तिनं ऐकलं नाही, हे सांगायला नकोच. नेहमीसारखी लबाडी करून तिनं हेलिकॉप्टर कमरेएवढं वर चढवलं आणि उजवा हात उजव्या दांडीवर आणला. हेलिकॉप्टर डावीकडं सरकायला लागलं, सरळ त्या ताण्यावर. मी दुसऱ्या टोकाला, मध्ये माग. बायको मधल्या दारात उभी होती. तिचं माहेर संकेश्वरकडचं, कानडी. आमच्या घरात ती मराठीच बोलते, पण जीव घाबरला की माणसाच्या तोंडात आईचीच भाषा येते. ती ओरडली, "बल, बल!"

कानडीत बल म्हणजे उजवीकडं. आईला कानडी येत नाही असं नाही. कानडी व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात तिचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. पण त्या क्षणाला तिच्या कानानं मराठीच ऐकलं. बळ. बळ लाव. आणि तिनं लावलं. हेलिकॉप्टर ताण्यावरून उसळून सरळ वर गेलं, कौलांखालच्या वाशावर आपटलं आणि फरशीवर येऊन पडलं. एक पातं मोडून लांब उडालं, उरलेलं तिथंच घरघरत राहिलं.

मग जे भांडण झालं ते सगळं लिहीत नाही. आई म्हणाली, हिनंच सांगितलं बळ लाव म्हणून. बायको म्हणाली, मी उजवीकडं वळवा म्हणत होते, तुमचा माग वाचावा म्हणून. आई म्हणाली, तर मग माझ्या घरात मराठीत बोलायचं. हे ऐकून बायकोचा चेहरा पडला. एवढी वर्षं तिनं या घरात दुसरं काय केलं होतं? मी आईवर ओरडलो, की लाज वाटत नाही का असं बोलायला. मग बायकोवर ओरडलो, की तुलाही नेमकं आत्ताच कानडी सुचायचं होतं. मग त्या मोडक्या पात्याला लाथ मारली. एवढ्यानंही भागेना म्हणून म्हणालो की उद्यापासून ना खेळणं ना व्यायाम, बसा आता गाऊनवर जन्मभर, माझ्याच्यानं व्हायचं नाही.

 बायको डोळे पुसत हेलिकॉप्टर उचलायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या थांबली. ती आईच्या मांडीकडं बघत होती.

"आत्ती," ती म्हणाली, "तुमचा उजवा हात तर ह्या दांडीवर होता."

आईनं मांडीकडं बघितलं. उजवा हात अजून उजव्या दांडीवरच होता. डावी दांडी पार वर, टोकाला जाऊन थांबलेली होती, आणि तिला टेकून डावा अंगठा उभा होता. 

  मग आईनं उजव्या हातानं ती दांडी परत खाली ओढून घरघर बंद केली आणि बायकोकडं न बघता म्हणाली, "काय म्हणालीस गं मघाशी? म्हण परत."

बायको अजून रुसलेली होती. हळूच म्हणाली, "बल."

अंगठा थरथरला. दांडी एक बोटभर वर सरकली. खाली पडलेल्या हेलिकॉप्टरात राहिलेलं पातं फडफडलं. मी उगाच चढ्या आवाजात आईला सांगायला लागलो की अगं, ती उजवीकडं म्हणतीय, बळ नव्हे.

"तू गप बस रं," आई म्हणाली. "मला कळतंय ती काय म्हणतीया."