गेरूच्या विटा

ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. वर्षअखेरीला मुलं शाळेत कशी टिकवावीत असा विषय निघाला, की मी भिंतीवरच्या विटांचं सांगायचो आणि शेवटची वीट रंगवून झाली की थांबायचो. ऐकणाऱ्यांना पुढे काही असेल असं वाटत नसे. आता सत्तरी उलटली. मुलाकडे धुळ्याला राहतो, वेळ भरपूर आहे. उरलेलं लिहून ठेवतो.

मी धरणगावचा, कापसाच्या मुलखातला. नोकरीची शेवटची वर्षं चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात काढली. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक मी एकटा. खोली चोपड्याला, येणंजाणं एसटीनं.

मार्च लागला की आमच्याकडे उन्हामुळे सकाळची शाळा होते. सात वाजता भरायची, अकराला सुटायची. मोहाचं फूल गळतं तेही पहाटेच. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर शेळ्या-गुरं खाऊन टाकतात. गावात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली, आणि वेचायला लहान हात लागतात. त्यामुळे होळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा, तो थेट परीक्षेला भरायचा.

गावातले एक आबा शाळेच्या ओट्यावर येऊन बसत. त्यांची नात चौथीत होती. तिचा बाप नव्हता. आई आणि आबा, एवढंच घर. एकदा ते म्हणाले, "गुरुजी, शाळा दुपारले भरावा ना. फुलं दुपारलोंग थांबतस नही. पोरं थांबतीन."

"आबा, नियम असतो," मी म्हणालो.

नियम होता, पण अर्ज करता आला असता. मी केला नाही. दुपारी भरलेली शाळा सुटायला सहा वाजले असते, आणि चोपड्याची शेवटची गाडी साडेपाचला जायची. मला गावात मुक्काम करायचा नव्हता.

त्याऐवजी मी एक युक्ती काढली. गावात आदल्याच वर्षी वीज आली होती. ती येते कुठून, हे मुलं सारखी विचारत. मी सांगितलं, भुसावळजवळ दीपनगरला वीज केंद्राच्या आभाळाला टेकलेल्या चिमण्या आहेत, तिथं होते. परीक्षेपर्यंत जो एकही दिवस चुकवणार नाही, त्याला मी कालीपिली जीप करून दीपनगर दाखवायला नेईन. वर्गाच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची चिमणी आखली. आलेल्या दिवशी गेरूनं एक वीट रंगवायची.

मुलं येऊ लागली. आबांच्या नातीची चिमणी सगळ्यात उंच गेली. अंधारात उठून ती एका झाडाखालचं वेचायची आणि सातला शाळेत हजर व्हायची. बोटांना मोहाचा वास, त्याच बोटांनी वीट रंगवायची.

"गुरुजी, चिमणीवर चढू देतस का?" तिनं एकदा विचारलं.

"चढू देत नाहीत."

"मंग खालून पाहसू."

आबा हसत म्हणायचे, "तुमनी चिमणी आमना मोह खाई राहिनी, गुरुजी." ते खरं होतं. तिची आई एकटी सगळ्या झाडांना पुरी पडत नव्हती. तरी पोरीला त्यांनी एक दिवस घरी ठेवलं नाही.

पाडव्याच्या सुमारास, मी तालुक्याला मागितलेली सहलीची परवानगी नाकारल्याचं पत्र आलं. ऊन, अंतर, अशी कारणं होती, चुकीची नव्हती. मी ते टेबलाच्या खणात खडूच्या डब्याखाली ठेवलं. परीक्षेला तीन आठवडे होते. आत्ता सांगितलं तर वर्ग पुन्हा रिकामा होईल, परीक्षेनंतर सांगू, असं ठरवलं. परीक्षा झाली. शेवटच्या पेपरला मुलांनी विचारलं, "उद्या किती वाजता?" मी म्हणालो, "सहाला पारावर या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. पहिल्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला, गाडी बिघडली म्हणून सांगा. संध्याकाळी तो भेटला. म्हणाला, "गुरुजी, पोरं भाकरी बांधून बसली होती. बाकीची गेली. एक पोरगी आम्ही दुपारच्या फेरीला आलो तरी तिथंच. म्हणे, गाडी नीट होऊन येईल."

बाजाराच्या दिवशी कालीपिलीवाला गावात आला. आबांनी गाडीची विचारपूस केली. तो म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

सुट्टीत मी भिंतीला चुना मारून घेतला.

जूनमध्ये चौथी झालेल्या मुलांना आश्रमशाळेत पाचवीला पाठवायचं होतं. तिथं राहायची सोय आहे, पुढं शिकता येतं, हे मी तिला वर्षभर सांगितलं होतं. आबा दाखल्यासाठी म्हणून आले, पण एकटेच.

"पोर नही म्हणस."

"का?"

"ती म्हणस, त्या शाळानंबी गुरुजीसनीच सांगेल शे." त्या शाळेबद्दलही मीच सांगितलं होतं, दीपनगरसारखंच.

पुन्हा एकदा ते आले, मी तिच्याशी बोलावं म्हणून. तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. मी उद्या येतो म्हणालो आणि गेलो नाही. रजिस्टरात पुढे न शिकण्याचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'पालकांची अनास्था'. ती नोंद खोटी आहे.

त्याच वर्षी हजेरीबद्दल केंद्रप्रमुखांनी माझं कौतुक केलं. शिक्षकांच्या मासिक बैठकीत मला बोलायला उभं केलं. मी विटांचं सांगितलं. टाळ्या वाजल्या. बऱ्याच शाळांनी पुढल्या वर्षी भिंती रंगवल्या म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये चोपड्याच्या स्टँडवर एक बाई समोर येऊन उभी राहिली. सोबत दप्तर घेतलेली लहान मुलगी. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. मुलीला म्हणाली, "पाय पड, ह्या मना गुरुजी." आणि मग माझ्याकडे बघून, "काय गुरुजी, तुमनी गाडी सुधरनी का?"

ती हसली. मीही हसलो. हसण्यावारी नेणं तिनंच सोपं करून दिलं होतं.

मी आबांची चौकशी केली. ते गेले होते. मुलगी कितवीत, विचारलं.

"पहिलीले. आते मोहना दिवसमां शाळा दुपारले भरस आमना गावले. नवी बाई शे, तिनी अर्ज दिधा."

"बाई संध्याकाळी परत कशा जातात?"

"गावमांच राहस."

गाडी लागली. ती मुलीला घेऊन चढली, खिडकीशी बसली. मी खाली उभा होतो. बोलायला वेळ होता. ड्रायव्हर अजून चहा पीत होता. मी मुलीला म्हणालो, "अभ्यास कर हो नीट."

एवढंच बोललो. म्हणायचं होतं ते असं: पोरी, गाडी बिघडली नव्हती. मी गाडी सांगितलीच नव्हती, आणि तू पारावर बसली होतीस तेव्हा मी खोलीवर होतो. रजिस्टरात तुझ्या आईच्या आणि आबांच्या माथी जे मारलं, ते माझं होतं. माझं चुकलं. मला माफ कर.