मधमाशांचा डिंक

डॉक्टरांनी भावाच्या तळहातावर ठेवलेला तुकडा खडूएवढाच होता. पांढरट, ढोकळ्यासारखा जाळीदार. शहरातल्या त्या दवाखान्यात आम्ही भावाच्या कृत्रिम पायाचा पट्टा बदलायला गेलो होतो. जंतू हाडात शिरून पाय गेला, हे जुन्या कागदांत वाचून त्या तरुण डॉक्टरांनी खणातून हा तुकडा काढला.

"सडलेलं हाड काढल्यावर त्या जागी हा बसवायचा. या भोकांत नवीन हाड वाढतं. आत मधमाशांचा डिंक घातलाय, म्हणजे जंतू टिकू नयेत. अजून प्रयोगच चालू आहेत, माणसांत वापरायला वेळ आहे."

भावाने तुकडा नाकाशी नेला. "ताई, चाचाच्या पेटीचा वास येते."

त्या दिवशीच्या माझ्या यादीत तीन कामं होती: पट्टा, रक्ततपासणी, चारची गाडी. चाचांचं नाव नव्हतं. मी तुकडा हातात न घेता भावाला तो डॉक्टरांना परत द्यायला सांगितलं.

चाचा म्हणजे पिंपळगाव राजाला आमच्या शेताचे शेजारी. त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मधमाशांच्या पेट्या होत्या. पेटीच्या फटी बुजवायला माशा झाडांचा चीक आणून काळपट डिंक लावतात. चाचा तो खरवडून घ्यायचे. ट्रॉलीखाली सापडून भावाच्या नडगीचं हाड मोडलं, आत सळई घातली आणि जखम वाहायला लागली, ती थांबेचना. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गुडघ्याखालून कापावा लागेल. तेव्हा चाचा मधात डिंक कालवून घेऊन आले. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, फक्त गोळ्या बंद करू नका म्हणाले. मी रोज वहीत लिहायचे: ताप किती, पट्टी किती भिजली. तीन आठवड्यांत पट्टी निम्मी कोरडी निघू लागली.

शेताचं सगळं तेव्हा माझ्याकडेच होतं, नांदुऱ्याच्या शाळेतली नोकरी सांभाळून. बीटी कपाशीने बोंडअळी हटली म्हणून सगळ्या शिवारात तीच पराटी होती; मग मावा आला, तुडतुडे आले आणि दर आठ-दहा दिवसांनी फवारणी सुरू झाली. हाती काय लागेल याची कुणालाच खात्री नव्हती, त्यामुळे एकही फवारणी चुकवायची कुणाची छाती होत नव्हती. आमचा रिवाज एवढाच, की आदल्या संध्याकाळी चाचांना सांगायचं. माशा परतल्या की ते पेट्यांची दारं बंद करून वरून ओलं पोतं टाकत. शाळेतून येताना मी फाट्यावर उतरून त्यांच्या धुऱ्यावरूनच घरी जायचे. वाटेतली कामं चुकत नाहीत म्हणून वहीत त्या कामांपुढे मी सकाळीच बरोबरची खूण करून ठेवायचे.

एके दिवशी भावाला ताप चढल्याचा शाळेत फोन आला. मी औषध घेतलं आणि ऑटोने दुसऱ्या वाटेने थेट घर गाठलं. दुसऱ्या दिवशी गडी ठरल्याप्रमाणे सहालाच फवारणीला आले.

दुपारी चाचा दारात उभे. दुपट्ट्याच्या गाठोड्यात माशा होत्या. काही अजून पाठीवर पडून गरगर फिरत होत्या.

"बेटा, फवारणी होती तं मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं ना चाचा, काल संध्याकाळी. हे बघा." मी वही उघडून पुढे धरली. खोटं बोलत नव्हते. खूण होती म्हणजे काम झालं होतं.

त्यांना माझं अक्षर वाचता येत नव्हतं, खूण ओळखता येत होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"मंग मीच भुललो असन. तुह्या वहीत चूक नाही होत." कसंनुसं हसले. "बुढापा आला, बेटा."

संध्याकाळी औषधाची पुडी हातात आली तेव्हा मला आठवलं, काल मी फाट्यावर उतरलेच नव्हते. त्यांचं घर चारशे पावलांवर होतं. मी गेले नाही. आधी पेट्यांचं काय होतं ते बघू, मग सांगू, असं ठरवलं. पेट्या संपल्या. उरलेला डिंक त्यांनी द्यायला नकार दिला, आता त्यात जहर आहे म्हणाले. जखम पुन्हा वाहू लागली आणि दिवाळीआधी पाय कापला. डॉक्टर म्हणाले, वरून लावलेलं काही हाडाच्या आत पोचत नाही, डिंक असता-नसता तरी फरक पडला नसता. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि कितीदा तरी वाचलं. अजूनही अंगणात कुणी जवस वाळत घातलं की मला त्या गाठोड्यातल्या माशा दिसतात आणि मी वळसा घालून जाते.

दवाखान्याच्या बाकावर मी भावाला हे सगळं क्रमाने सांगितलं. तो नव्या पट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत होता.

"चाचा मले माफी मागून गेला," तो म्हणाला. "पाय कापल्यावर. लेकरासारखा रडला. म्हणे, माह्या भुलीनं गेला तुहा पाय."

"मग तू?"

"माफ केलं मी त्याले. काय करू मंग?"

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यानं कसम घातली होती. म्हणे, ताईले सांगू नको. तिनं तं आठवणीनं सांगितलं होतं, तिले उगाच वाईट वाटन."

चाचांना जाऊन चार वर्षं झाली. तोवर दर शुक्रवारी नमाज आटोपून ते आमच्याकडे यायचे आणि भावाच्या खाटेवर, कापलेल्या पायाच्या बाजूने बसायचे. चहा मी द्यायचे. कप घेताना त्यांनी कधी माझ्याकडे वर बघितलं नाही. मला वाटायचं, त्यांना सगळं माहीत आहे. म्हणून मीही बघायचे नाही.