मामांचा जपानी वसंत

ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शेजारच्या शिवारातले बैल माना वर करून बघतात, ज्यांच्या मिशीकडे बघून आमच्या लग्नातल्या फोटोग्राफरनं ‘जरा हसा’ म्हणायचं टाळलं, आणि जे जपानी पोरींची वसंतऋतूची गाणी ऐकून उपरण्यानं डोळे पुसतात, असे गृहस्थ या पृथ्वीतलावर एकच आहेत आणि ते माझे सासरे आहेत. त्यांना मी मामा म्हणतो. ते मला, लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी, ‘पावणं’ म्हणतात. त्यांचा ऊस शिरोळकडे, माझी नोकरी कोल्हापुरात, आणि आमच्या दोघांच्या मध्ये त्यांची लेक, म्हणजे माझी बायको. बोलण्यात ती थेट बापावर गेली आहे. मिशी तेवढी नाही.

हे जपानी प्रकरण सुरू झालं ते उसावरच्या हुमणीमुळं. मामा दुपारी जेवून खाटेवर पडले होते आणि मोबाईलवर हुमणीची अळी कशी मारावी याचा व्हिडिओ बघत होते. बघता बघता डोळा लागला. व्हिडिओ संपला, त्यामागून मोबाईलच्या मनात आलं ते लागत गेलं आणि मामांना जाग आली तेव्हा पडद्यावर भलतंच काही चाललं होतं. ‘उठून बघतोय तर हुमणी गायब!’ ते पुढे येईल त्याला सांगत. ‘पोरीच पोरी! सगळ्यांची कापडं एकसारखी. आणि झाडांस्नी एक पान न्हाय, नुस्ती गुलाबी फुलं. मला वाटलं, खपलो आपण. पण सोर्गात आपल्याला कोण घ्यालंय, म्हणून चिमटा काढून बघितला.’

चिमट्यानंही त्या पोरी गेल्या नाहीत. त्यात गाण्यात त्या घडोघडी ‘साकुरा, साकुरा’ म्हणत होत्या. मामांच्या कानांनी ते ‘साखरा, साखरा’ असं ऐकलं. जन्म उसात गेलेल्या माणसाला परमुलखातल्या पोरी साखरेचं गाणं म्हणताना दिसल्यावर दुसरं काय होणार? तिकडे साखर कारखान्याची माणसं गळीत हंगामात गाणीही बसवतात आणि आपल्याकडे नुसता वजनकाट्यावर घोळ घालतात, असं त्यांनी सोसायटीत भाषणच केलं. साकुरा हे तिकडच्या चेरीच्या फुलाचं नाव आहे, हे मीच त्यांना सांगितलं. मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘असूं दे. फुलाचं नाव साखर ठेवणारी माणसं वंगाळ नसणार.’

त्यानंतर मामांनी त्या गाण्यांचा असा काही अभ्यास केला, की कारखान्याच्या आवारात उसाच्या रांगेत उभे असलेले ट्रॅक्टरवाले त्यांच्याभोवती जमू लागले. इतरांच्या ट्रॅक्टरवर छाती फुटेल असे ढोल वाजत, मामांच्या ट्रॅक्टरवर ही चिमणीच्या आवाजातली किलबिल. एका ड्रायव्हरनं विचारलं, ‘अण्णा, कानडी गाणं लावलंयसा व्हय?’ मामा म्हणाले, ‘कानडीच्याबी पलीकडचं हाय. आईक.’ मग ते समजावून सांगत: तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलात सुरू होतं. मार्चात फुलं येतात, वारा सुटला की गळतात, आणि त्याच दिवसांत पोरं जुनी शाळा सोडतात, मैत्रिणींचा निरोप घेतात आणि नव्या गावाला जातात. सगळी गाणी यावरच. ‘म्हंजे आदी रडायचं आणि मग नवी सुरुवात करायची. आपल्यात एप्रिलात काय हाय? ऊन आणि यात्रा.’

नव्या सुरुवातीची गोष्ट मामांनी फार मनावर घेतली. प्रत्येक गाण्यात कोणीतरी ‘उद्यापासून मी बदलणार’ म्हणतं, असं मी मोबाईलमधल्या भाषांतरावरून त्यांना वाचून दाखवलं होतं. मामांनी त्याच दिवशी तंबाखू सोडली. चारच दिवसांनी त्यांना बांधावर तंबाखू मळताना बघून मी बोललो, तर म्हणाले, ‘पावणं, उद्या परत सोडायची हाय. सोडायला हातात काय तरी पायजे का नको?’

त्या गाणाऱ्या पोरींच्या घोळक्यातली एक पोरगी मामांची खास होती. तिचं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही, म्हणून ते तिला ‘धाकली’ म्हणत. धाकली मागच्या रांगेत कडेला उभी असायची आणि नाचताना सगळ्यांपेक्षा किंचित उशिरा वळायची. बाकी जगानं कदाचित तिच्याकडे बघितलंही नसेल, पण मामांनी बघितलं. ‘पाय चुकतोय तिचा. जेवण अंगाला लागंना झालंय.’ तिला गूळ पाठवता येईल का, याची त्यांनी दोनदा चौकशी केली. ते जमेना तेव्हा व्हिडिओखाली त्यांनी माझ्याकडून मराठीतच लिहून घेतलं: ‘पोरी, दूध पीत जा.’ त्याच्याखाली कोणा जपान्यानं लाल बदाम टाकला. मामांनी तो बदाम सगळ्या गल्लीला दाखवला. ‘तिच्या वडलानंच टाकलेला असणार,’ असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि एक दिवस भाषांतरानं घात केला. ‘ती पदवीधर होत आहे,’ असं धाकलीच्या फोटोखाली मोबाईलनं मराठीत लिहून दाखवलं. मामांनी मला विचारलंसुद्धा नाही. सरळ पेढे आणले आणि दूध डेअरीत, सोसायटीत, न्हाव्याच्या दुकानात वाटले. ‘आमची धाकली बीए झाली!’ लोकांनी पेढे खाल्ले, धाकली कोण हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. संध्याकाळी आनंदानं मला फोन केला, तेव्हा मी नीट शोधून बघितलं. त्या गायिकांच्या घोळक्यातून एखादी कायमची बाहेर पडते, त्याला तिकडे ‘पदवीधर होणं’ म्हणतात. शेवटचा कार्यक्रम, निरोपाचं गाणं, आणि मग ती पुन्हा त्यांच्यात दिसायची नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मग मामा बारीक आवाजात म्हणाले, ‘मग मी पेढं कशाचं वाटलं?’

तो शेवटचा कार्यक्रम एका रविवारी दुपारी मोबाईलवर थेट दिसणार होता. आमच्याकडे टीव्ही मोठा आणि इंटरनेट बरं, म्हणून मामा सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला आले. अंगात कडक इस्त्रीचं पांढरं, डोक्याला फेटा, पिशवीत नारळ आणि खण. आल्या आल्या बायकोला म्हणाले, ‘आज मटण नगो. पोरगी जायाची हाय.’ कोल्हापुरात रविवारी मटण नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर त्याच्या घरी सुतक असतं. बायकोनं पोळ्या केल्या, पण पोळपाटाचा आवाज मला नेहमीपेक्षा मोठा वाटला.

कार्यक्रम सुरू झाला. मामांनी खण-नारळ टीव्हीपुढे ठेवला. धाकली त्या दिवशी पहिल्यांदा मधोमध उभी होती, अंगात पांढरा झगा, आणि वरून कागदी पाकळ्या पडत होत्या. ती गाऊ लागली आणि किंचित उशिरा वळली. तिथं मामांचा बांध फुटला. माणूस रडला म्हणजे किती रडला! मिशी भिजली, उपरणं भिजलं, फेटा कलला, खालच्या मजल्यावरच्या काकू ‘कोण गेलं हो?’ म्हणून वर आल्या आणि टीव्हीकडे बघून आल्या पावली परत गेल्या. मला हसू आवरेना. मी ते दाबत बायकोकडे बघितलं, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

‘आबा,’ ती म्हणाली, ‘माझ्या पाठवणीला तुमच्या डोळ्याला पाणी नव्हतं.’

मामांनी तोंड वर केलं.

‘मी गाडीतनं मागं वळून बघत होते. सगळी रडत होती. शेजारची म्हातारी रडत होती. तुम्ही कुठं दिसला नाहीत. आणि या कोण कुठल्या पोरीसाठी खण-नारळ घेऊन आलाय?’

टीव्हीवर गाणं चालूच होतं. मामांनी उपरण्यानं नाक पुसलं. ‘ह्या पोरीनं बघ, जायच्या आदी सांगितलं,’ ते म्हणाले. ‘मग गाणं म्हटलं. मग एकेकीच्या गळ्यात पडली. माणसाला रडायला जरा सवड मिळाली. तुझ्या येळंला काय हुतं? पंगती उठालत्या, आचारी तेल संपलं म्हणून बोंबलालता, आणि तुमची गाडी पाटाच्या चिखलात रुतलीती. मी मागनं गाडी ढकलालतो, पोरी. गाडी निघाली म्हणून वर बघितलं, तर तू गेलतीस.’

त्या गाडीत मीही होतो. पुढच्या सीटवरून कोणीतरी ‘आणखी एक जोर!’ म्हणून ओरडलं होतं, तेवढं आठवतं. मागून ढकलणारं कोण आहे, हे आमच्यापैकी कोणीच बघितलं नव्हतं.

‘मग नंतर रडायचं होतं,’ बायको म्हणाली. ‘वीस वर्षं होती की.’

‘नंतर कुठलं? दुसऱ्या दिवशी उसाला कारखान्याची तोड आली.’

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मामांनी धाकलीला हात जोडले, नारळ उचलून कपाटावर ठेवला आणि चहा न घेता एसटी गाठली. नंतर फोनवर बापलेकीचं बोलणं ‘जेवलीस काय?’ आणि ‘जेवले’ यापलीकडे जाईना. चैत्रातल्या यात्रेला यंदा माहेरी जायचं नाही, असं तिनं जाहीर केलं. यात्रेच्या आदल्या दिवशी मात्र तीच बॅग भरून माझ्या आधी गाडीत जाऊन बसली.

यात्रा झाली, मटण झालं, पाहुणेरावळे झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गाव संपतं तिथं, उसाच्या दोन फडांच्या मधल्या रस्त्यावर, मामा फेटा बांधून आडवे उभे होते. मी गाडी थांबवली. ‘पावणं, इंजिन बंद करा,’ ते म्हणाले. ‘पोरी, खाली उतर.’

ती उतरली. मामांनी तिची ओटी भरली, दोन पावलं मागं सरले, हात दोन्ही बाजूंना चिकटवून शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले आणि गाऊ लागले. धाकलीचं निरोपाचं गाणं, अख्खं, त्यांच्या स्वतःच्या जपानीत. बैलांना हाकारायच्या आवाजात. बाजूच्या फडातून बगळे उडाले. समोरून एक टेम्पो आला, त्याला त्यांनी गाता गाताच हातानं थांबवलं. दोन कडवी झाल्यावर, संपलं असं समजून मी चावी फिरवली, तर दटावून म्हणाले, ‘थांबा की! अजून तिसरं हाय.’ त्या तिसऱ्या कडव्यात त्यांचा आवाज चिरकला, एकदा, दोनदा, आणि मग ते नुसतेच लेकीकडे बघत उभे राहिले. डोळ्यांचं पाणी मिशीतून खाली येत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. ती पुढं झाली आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला नाही.

‘जावा आता,’ मामा म्हणाले. ‘ऊन व्हायच्या आत पोचा.’

हातकणंगले येईपर्यंत बायको मांडीवरचे ओटीचे तांदूळ पदरात सावरत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘तिसऱ्या कडव्यात सूर गेला आबांचा.’

‘गेला खरा.’

‘थकलेत आता,’ ती म्हणाली.

मी गाडी जरा हळू घेतली.