फुगलेला डबा

आलापल्लीच्या अलीकडे एका गावात आमचं मटणाचं दुकान होतं. मी लग्न होऊन तिथे गेले ते पन्नास सालानंतरचे दिवस. सासरे वारले होते. घरात सासू, माझा नवरा आणि धाकटा दीर, एवढीच माणसं. नवरा बकरे कापायचा. दुकानात जे उरायचं त्याच्या सासू आणि मी लांब पट्ट्या करायचो, मीठ-हळद चोळून दोरीवर कडक वाळवायचो. त्यांना आम्ही चान्या म्हणायचो. हिवाळ्यात जंगलात सागाची तोड सुरू झाली की मजुरांचे कॅम्प पडत आणि चान्या तिकडे जात. पण कॅम्पवाल्यांची दरवर्षी एकच कुरकुर असे, की खारट फार, चिवट फार, आणि पोत्यात ठेवल्या की अळ्या पडतात.

दीर फौजेतून सुटून आला तो डब्यातल्या मटणाच्या गोष्टी घेऊनच. तिकडे बंद डब्यातलं मटण महिनोन् महिने टिकतं, चाकूने झाकण कापायचं आणि खायचं, असं तो सांगायचा. एक दिवस म्हणाला, "आपण काऊन नाई करत?"

सासू म्हणाली, "फौजेचं येगळं रायते, बापा."

"येगळं काय रायते? मटण शिजवाचं, डब्यात भरायचं, झाकण झाळून टाकायचं. हवाच नाई गेली तं नासन कसं?"

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. हवा लागली की नासतं, हे आमच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. पत्र्याचे डबे गोळा केले, राखेने घासले, उकळत्या पाण्यातून काढले. मटण मसाल्यात शिजवलं, मीठ मुद्दाम बेताचं ठेवलं, वरून वितळलेली चरबी ओतली. कल्हईवाल्याकडून झाकणं कथिल वितळवून झाळून घेतली. डबे स्वयंपाकघरात चुलीमागच्या फळीवर रांगेने मांडले. दीर येता-जाता त्यांच्याकडे बघायचा. फौजेतून आल्यापासून त्याला गावात करमत नव्हतं. ह्या कामात मात्र तो रमला होता.

एका कॅम्पच्या मुकादमाने बरेचसे डबे नेले. राहिलेल्यांतला एक काही दिवसांनी फुगला. सपाट झाकणाला पोट आल्यासारखं झालं. सासूने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हा नको ठेवू. फेकून दे."

"चुलीची गरमी लागली त्याले," दीर म्हणाला. त्याने खिळा ठोकला तशी आतून फुस्स करून हवा निघाली. झाकण कापलं. वास थोडा उग्र होता, पण नासलेल्या मटणाची घाण नव्हती. आमच्या तोंडावरची शंका पाहून त्याने थंडच फोडी उचलल्या आणि उभ्या उभ्या खाल्ल्या. "पाहा, काई झालं मले?"

सासूने उरलेला डबा नेऊन उकिरड्यावर ओतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर दुकानात बसला होता. एकदम हाक मारून म्हणाला, "वयनी, हा तराजू दोन दोन काऊन दिसून राह्यला?"

मला वाटलं, थट्टा करतो आहे. जवळ जाऊन पाहते तर त्याच्या पापण्या जड झालेल्या. तोंड कोरडं पडलं म्हणून पाणी मागितलं, ते घशाखाली उतरेना, नाकातून बाहेर आलं. बोलणं जाड झालं. ताप नव्हता. शुद्ध पूर्ण होती, आम्ही काय बोलतो ते सगळं त्याला कळत होतं.

बघता बघता माणसं जमली. सगळ्यांच्या तोंडी एकच. मण्यार चावली. आमच्याकडे लोक जमिनीवर झोपत. मण्यार झोपेत चावते, धड खूणही उमटत नाही, आणि पापण्या अशाच मिटत जातात. गावात तसे मेलेले लोक सगळ्यांनी पाहिले होते. सापाचं विष उतरवणारा म्हातारा आला. दिराचं अंग त्याने नखशिखांत तपासलं आणि विष चढलं असेल तर कडू लागत नाही म्हणून कडुलिंबाचा पाला चावायला दिला, पण दिराला तो चावताही येईना.

मी पाणी आणायला परसात गेले. उकिरड्यापाशी आमच्या कोंबड्या पडल्या होत्या. मेल्या नव्हत्या. डोळे उघडे, पंख सैल, आणि माना मातीवर टेकलेल्या. मी एकीला उचललं तर मान हाताबाहेर लोंबली, वर घ्यायला तिच्यात जोरच नव्हता. बाजूला चरबीचा लपका आणि चोचीने उकरलेल्या फोडी होत्या.

मी तशीच घरात आले आणि नवऱ्याला म्हणाले, "साप नाई हा. साऱ्याच कोंबड्याइले साप कसा चावन? डब्यातलं खाल्लं त्याइनं."

नवऱ्याने दाराकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "चूप राह्य. लोक आयकून राह्यले. दुकान बंद पडन आपलं."

सासूने ते ऐकलं. ती सगळ्यांदेखत उठली आणि मोठ्याने म्हणाली, "दुकान गेलं चुलीत. कॅम्पवर डबे गेले आपले. बंडी जुंपा."

बैलांच्या बंडीत दिराला बसवून आलापल्लीच्या दवाखान्यात नेलं. नवऱ्याने त्याचं डोकं सगळी वाट छातीशी धरून ठेवलं होतं, सोडलं की ते पुढे पडायचं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, गुडघ्यांवर ठोकून पाहिलं, काय काय खाल्लं ते विचारलं. मी डब्याचं सांगितलं, कोंबड्यांचंही सांगितलं. ते थबकले.

"हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलं कधी नाही," ते म्हणाले. "बाकीचे डबे कुठे आहेत?"

"कॅम्पवर."

"आधी ते आणा. कोणी उघडला असेल तर त्या माणसांनाही इकडे आणा."

नवऱ्याला भावाजवळून हलता येईना. लाकडाचा एक ट्रक त्याच बाजूला निघाला होता, त्यात मी बसले. वाटभर माझ्या डोळ्यांपुढे मजुरांच्या झोपड्या येत होत्या आणि झोपड्यांपुढे माना टाकलेली माणसं.

कॅम्पवर पोचले तर कुऱ्हाडींचे आवाज नेहमीसारखे चालू होते. स्वयंपाकी सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस होता. मी विचारलं, "डबा उघडला का?"

"हाव. तिन्नाम," तो हसून म्हणाला. खाल्लं.

"कवा? किती जणांनी?"

सगळ्यांनी, दोनदा. एकालाही काही झालं नव्हतं. मी एकेकाच्या डोळ्यांकडे बघत फिरले, लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. स्वयंपाकी म्हणाला, त्याला डब्यातली चव आवडली नाही, म्हणून चुलीवरच्या मोठ्या गंजात पाणी, चिंच आणि लाल मिरची घालून सकाळभर रटरट उकळलं.

उरलेले डबे मागितले तर मुकादम अडून बसला. "मंग माणसं काय खातील? चांगलं हाय तं मटण."

मी म्हणाले, "भाऊ, माझ्या दिराले मान वर धरता येऊन नाई राह्यली. त्यानं हेच खाल्लं." आणि तिथेच मला रडू फुटलं. मुकादमाने मग स्वतः डबे उचलून ट्रकमध्ये ठेवले. त्यातल्या एकाचं झाकण फुगलेलं होतं. ते त्याने बोटाने दाबून पाहिलं आणि हात धोतराला पुसला.

डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं. मातीत एक जंतू असतो. त्याचं बी साध्या उकळीने मरत नाही, म्हणून आम्ही शिजवूनही ते मटणात राहिलं. हवा नसेल, ओल असेल, मीठ कमी असेल, ऊब असेल, तर ते बंद डब्यात वाढतं आणि विष सोडतं. बी चिवट असलं तरी ते विष मात्र उकळीने जातं. म्हणून कॅम्पवरचे लोक वाचले आणि थंड खाणारा दीर आडवा झाला. फौजेचे डबे कारखान्यात दाबाच्या वाफेवर तापवतात, त्यात बीसुद्धा मरतं. "तुमच्या चान्या खारट आणि कोरड्या," ते म्हणाले, "त्यात हे वाढत नाही." त्या रोगाचं इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. डबे आम्ही भोकं पाडून, पाण्यात बराच वेळ उकळून, गावाबाहेर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले.

त्या विषावरचं औषध दवाखान्यात नव्हतं. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं तर वाटेत श्वास अडकेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पाळी लावून त्याच्याजवळ बसलो. श्वास उथळ झाला की त्याला उठवून बसवायचं, तोंडातली लाळ पुसायची. नाकातून नळी घालून डॉक्टर पेज पोटात सोडायचे. सासू त्याच्या पापण्या बोटाने वर करून म्हणायची, "पाह्य माझ्याकडं." तो बघायचा. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांत पाणी यायचं.

कित्येक आठवड्यांनी एका सकाळी तो चमचाभर पेज स्वतः गिळू शकला. सासू उठून बाहेर गेली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. चालायला लागायला त्याला उन्हाळा उजाडला.

दुकान काही दिवस ओस पडलं, नवऱ्याला भीती होती तसंच. कोणी समोर बोलत नव्हतं, पण लोक दुसरीकडून मटण आणत. मग दीरच एका बाजाराच्या दिवशी काठी टेकत दुकानापुढे येऊन बसला. जो विचारेल त्याला तो सगळं सांगायचा. साप नव्हता, आमचाच डबा होता, फुगलेला डबा दिसला तर चाखूनसुद्धा पाहू नका. आवाज अजून घोगरा होता, म्हणून लोकांना वाकून ऐकावं लागायचं. नवरा आधी चिडला, मग त्याच्या शेजारी येऊन बसला. गिऱ्हाईक हळूहळू परतलं.