बांबूवरची गाठ

"ढिवराच्या खांद्यात जीव नाही का बे? माह्या पुतण्याले पाह्य, कसा ताठ चालून राहिला!"

मालगुजार तलावाच्या पाळीवर उभा राहून बोलत होता. माझा बाप खाली चिखलात, गुडघ्यांवर. टोपली उलटलेली. मरळ मासे उतारावर तडफडत होते. बांबूचं पुढचं टोक धरलेला त्याचा पुतण्या तसाच उभा. त्याच्या कपड्यांवर एक डाग नाही.

"लचकला रे लचकला! लचक्या!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मीही हसलो. नुकता शाळेत जाऊ लागलो होतो. मला हसणाऱ्यांच्या बाजूला राहायचं होतं.

दिघोरीकडच्या आमच्या गावात तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, आणि जाळं आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की पहिली टोपली त्याच्या घरी जायची. त्याला मान म्हणत. टोपली बांबूला दोरीनं टांगायची. बांबूचं पुढचं टोक त्याच्या घरच्या माणसाच्या खांद्यावर, मागचं ढिवराच्या. गाठ मात्र मागच्या खांद्याजवळच बांधायची. का, तर माशांचं पाणी पुढच्याच्या अंगावर उडू नये. त्याला वास लागू नये.

वासाचा विचार झाला होता. वजनाचा कोणी केला नाही. दोन माणसं, दोन खांदे, म्हणजे निम्मं निम्मं, असंच सारं गाव धरून चालायचं. मीही.

त्या दिवसापासून बापाचं नाव गेलं. तो लचक्या. मी लचक्याचा. माझा मुलगा लचक्याच्या घरचा. आयुष्यभर ओलं जाळं ओढलेल्या त्या माणसानं मरताना खांदा चोळत मला विचारलं, "माह्या खांद्यात खरंच दम नव्हता का रे?"

मी खाटेजवळून उठून गेलो.

यंदा परीक्षेच्या दिवसांत माझी नात मोठ्यानं वाचत होती. ती लाखांदूरला अकरावी सायन्सला आहे, एसटीनं जाते-येते. टॉर्क, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, असलं काही. मी म्हटलं, "मलेही समजाव."

तिनं माझी काठी घेतली. तांदळाची थैली तिला टांगली. एक टोक माझ्या खांद्यावर, एक तिच्या. थैली मधोमध होती तेव्हा दोघांना सारखी लागली. मग तिनं ती स्वतःकडे सरकवली.

माझ्या खांद्यावर जवळजवळ काही उरलंच नाही.

"आबाजी, साऱ्या थैलीचं वजन एका जागेहून खाली ओढते. ती जागा ज्याच्या जवळ, त्याच्यावर भार. लांबचा खांदा वाचते. दार कसं, कडीपाशी लोटलं तर बोटानं उघडते, बिजागरीपाशी लोटून पाहा बरं!"

मी विचारलं, "आणि चढावर गाठ मागं सरकली तर?"

"मंग काय, सारंच मागच्यावर येईन."

पुतण्या ताठ का चालत होता ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या खांद्यानं कळलं. तो काही उचलतच नव्हता. पाळीच्या चढावर गाठ घसरली आणि अख्खी टोपली माझा बाप एकटा नेत होता. तरी तो अर्ध्या पाळीपर्यंत गेला होता.

नंतर तलाव आटला. रस्त्यावर टेम्पो उभा असतो, तरी मानाची टोपली अजून बांबूवरच जाते. पुढं मालगुजाराचा नातू, मागं माझा मुलगा. मी चिखलात उतरलो. गाठ सोडली.

"आबाजी, गाठ मागंच राहू द्या," नातू म्हणाला. "माझ्या पँटवर पाणी उडते."

"उडू द्या. गाठ मधात राहीन, नाही तर टोपली इथंच राहीन."

"काहून जी, लचक्याच्या घरच्याले आतापासूनच जड झालं का?" नातवानं विचारलं.

गर्दी हसली. मी हसलो नाही. गाठ मधोमध आवळली, सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंनी बांबूत खुंट्या ठोकल्या आणि म्हटलं, "घ्या खांद्यावर. अन् चढा पाळ."

मालगुजाराच्या नातवानं पुढचं टोक उचललं. लगेच खाली ठेवलं. खांदा चोळला. माझ्या बापासारखाच.

"मोटरसायकलवर नेऊ," तो म्हणाला.

गर्दीतलं हसू थांबलं. मी सगळ्यांकडे तोंड करून सांगितलं, "माह्या बापाच्या खांद्यात दम होता. गाठ खोटी होती. अन् त्या दिवशी मीही हसलो होतो."

मेलेल्याला हे ऐकू जात नाही. म्हणून आता जिवंतांना ऐकवतो, मरेपर्यंत ऐकवीन. ज्याला अजून लचक्या म्हणायचं आहे, त्यानं बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घ्यायला पाळीखाली यावं. मागं माझ्या घरचा माणूस उभा राहील.

गाठ मी बांधीन.