पात्यावरची जाळी

हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ होत्या. बावीस वर्षं त्या कारखान्यांत तुटलेली बोटं जोडत होत्या. शेवटी वैतागल्या आणि यंत्राच्या पात्यावर जाळी सक्तीची करा, म्हणून थेट विधिमंडळाच्या समितीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी जांभई दिली. "बाई, तीन मिनिटांत उरका."

"तीन मिनिटं तर मला हात धुवायला लागतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही असं करा, अंगठे मुठीत दाबा आणि कोटाचं बटण लावून दाखवा."

अध्यक्ष हसत हसत कामाला लागले, पण बटण काही लागेना. त्यांचे कान लाल झाले. शेजारचे एक सदस्य मदतीला धावले, तर बाईंनी त्यांनाही अंगठे दाबायला लावले. दोन पुढारी एका बटणाशी झोंबू लागले, तसा कारकून फाइलीआड तोंड लपवून खिदळला.

वर्षभरात कायदा झाला, पण फक्त नव्या यंत्रांसाठी.

"अगं, निम्मं तरी पदरात पडलं," नवरा म्हणाला.

"मग जुन्या यंत्रांनी काय बोटं खायचं सोडलंय?"

बाईंनी समितीकडून पुढची तारीख मागून घेतली आणि त्या ऑपरेशनला गेल्या. टेबलावर एक तर्जनी त्यांची वाट पाहत होती.