इंजिन कललं की नळी कुठे जाते

नव्या गाडीच्या इंजिनात पेट्रोलची नळी कुठून जावी, हे ठरवणं आणि तपासून सही करणं माझं काम. चेन्नईच्या अण्णा नगरहून कंपनीच्या बसनं जाताना मी कुणाशी बोलत नाही. मीटिंगमध्येही नाही. नळ्यांशी माझं बरं जमतं.

त्या सकाळी कंपनीत आलेल्या पाहुण्यांना फिरवून आणायच्या गाडीचं बॉनेट उघडलं, तर नळी भलत्याच बाजूला. आराखड्यात ती इंजिनामागून, दोन क्लिपांत अडकून जाते. क्लिपा आल्या नव्हत्या म्हणून कुणीतरी आखूड नळी घेऊन ती सरळ एक्झॉस्टच्या तापणाऱ्या पाइपाजवळून ओढली होती आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधली होती.

"बोटभर जागा आहे की मध्ये," आमचे सर म्हणाले.

"इंजिन बंद आहे म्हणून, सर. जोर लागला की ते या बाजूला कलतं."

सर मूळचे पुण्याचे, आमच्या घरी येणारे-जाणारे. एरवी इंग्रजीत बोलतात. काही गळी उतरवायचं असलं की मला बाजूला घेतात आणि मराठी सुरू होते. तिथे ती आम्हा दोघांनाच कळते.

"अगं, दोन चकरा तर मारायच्यात. कर सही. आपणच एकमेकांना सांभाळून घ्यायचं ना? तुझ्या आईच्या हातचं जेवलोय मी."

मी चेन्नईतच वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात शिकले, आणि घरात मोठ्यांना फक्त हो म्हणायचं असतं. सरांना ते पक्कं ठाऊक होतं. मला त्याचाच राग आला.

मी वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ड्रायव्हरला म्हणाले, "अण्णा, वंडिय एडुक्कादींग!" गाडी काढू नका.

मग तमिळमध्येच सांगितलं, ब्रेक दाबून ठेवा, पहिला गिअर टाका आणि क्लच जरासा सोडा. आजूबाजूचे हात थांबले. इंजिन कललं. नळी पाइपाला टेकली.

अण्णांनी इंजिन बंद केलं, खाली उतरून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. "यात बसून मी मरू का?" त्यांनी सरांना विचारलं.

"बाबांना सांगतो हं," सर मला मराठीत म्हणाले, "मुलीला तोंड फुटलंय."

"सांगा."

चाचणीच्या दुसऱ्या गाडीतून क्लिपा काढल्या. पुरेशा लांबीची नळी कापली, मागून नेली, दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले. इंजिन पुन्हा कलवून पाहिलं. नळी जागची हलली नाही. तेव्हा सही केली.

"उशीर झालाय. आता पाहुण्यांना कोण सांगणार?" सरांनी विचारलं. मी मान खाली घालीन, अशी त्यांची खात्री होती.

"मी सांगते," मी म्हणाले, आणि हात पुसत पाहुण्यांच्या खोलीकडे निघाले.